वेगदेवतेचा नैवेद्य

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी खालच्या टोकाला इन्व्हरकारगिल नावाचे शहर आहे. तेथील एका लहानशा शेडमध्ये भिंतीला एक फळी ठोकलेली होती. फळीवर फुटलेले पिस्टन आणि इंजिनाचे इतर निकामी झालेले भाग ओळीने मांडून ठेवलेले असत. वर इंग्रजीत लिहिले होते, 'वेगाच्या देवाला अर्पण'. आपल्याकडे याला नैवेद्य म्हणता येईल.

प्रयोगशाळा म्हटली की चकचकीत उपकरणांनी भरलेली काचेची कपाटे आपल्या डोळ्यांसमोर येतात. मोडलेल्या वस्तूंना तेथे जागा नसते. त्या भंगारात जातात, आणि त्या का मोडल्या याची आठवणही त्यांच्याबरोबर जाते. या शेडच्या मालकाने मात्र मोडतोडीलाच मानाची जागा दिली होती. त्याचे नाव बर्ट मन्रो. जन्म २५ मार्च १८९९, मृत्यू ६ जानेवारी १९७८. १९२० साली घेतलेली एकच मोटारसायकल त्याने जवळजवळ आयुष्यभर चालवली, मोडली, दुरुस्त केली आणि बदलली. कारखान्यातून आली तेव्हा ती ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर वेगाने धावे. १९६७ साली तिने ताशी १८० मैलांचा टप्पा मागे टाकला. तेव्हा यंत्र ४७ वर्षांचे होते आणि चालक ६८ वर्षांचा.

मन्रो इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेलेला नव्हता. दिवसा मोटारसायकलींची विक्री आणि दुरुस्ती, आणि रात्री स्वतःच्या यंत्रावर काम, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. २००५ साली त्याच्यावर निघालेला चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल. येथे आपण त्या यंत्रामागचे विज्ञान पाहू या. शेवटी, विक्रमानंतर ४७ वर्षांनी उघडकीस आलेल्या एका चुकीकडे वळू या.

'इंडियन', पण आपली नव्हे

मन्रोच्या मोटारसायकलीचे नाव 'इंडियन स्काउट'. हे नाव वाचून आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. या गाडीचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे 'इंडियन' कंपनीचा कारखाना होता, आणि नावातला निर्देश अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडे होता. स्काउटचे आरेखन चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने केले. तो स्वतःही कसलेला चालक होता. १९११ साली आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतीत तो इंडियन गाडीवरून दुसरा आला होता.

स्काउटच्या इंजिनात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे, एकमेकांशी ४२ अंशांचा कोन करणारे दोन सिलिंडर होते. सिलिंडरचा व्यास सुमारे ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव सुमारे ७८ मिलिमीटर. यावरून इंजिनाचे घनफळ किती, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर ६०० घन सेंटिमीटरच्या आसपास येईल.

गाडी भरवशाची होती, पण शर्यतीसाठी बनवलेली नव्हती. १९२६ च्या सुमारास मन्रोने तिच्यात बदल करायला सुरुवात केली. पैसा फारसा नव्हता आणि हवे ते भाग विकत मिळण्यासारखे नव्हते. म्हणून त्याने ते स्वतःच बनवले. पुढे १९५३ साली स्प्रिंगफील्डचा मूळ कारखानाच बंद पडला. मन्रोचे काम त्यामुळे अडले नाही, कारण तोवर त्याचे इंजिन बरेचसे त्याच्या शेडमध्येच तयार झालेले होते.

इंजिनाचा श्वास

इंजिनाची शक्ती इंधनातून येते असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पेट्रोल हवे तितके ओतता येते; अडचण असते ती त्याच्या ज्वलनाला पुरेशी हवा सिलिंडरमध्ये नेण्याची. थोडक्यात, इंजिनाची शक्ती त्याच्या श्वासावर अवलंबून असते.

मूळ स्काउटमध्ये हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप सिलिंडरच्या बाजूला बसवलेली होती. ही रचना सोपी, स्वस्त आणि टिकाऊ. पण आत येणाऱ्या हवेला बाजूने वर चढून, वळण घेऊन सिलिंडरमध्ये उतरावे लागते. शिवाय झडपांसाठी बाजूला पोकळी ठेवावी लागत असल्याने ज्वलनकक्ष पसरट होतो आणि मिश्रण फार दाबता येत नाही. मन्रोने झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या. त्यासाठी लागणारी हेड, कॅम आणि झडपा उघडणारी यंत्रणा त्याने स्वतः तयार केली. हवेचा मार्ग सरळ झाला, ज्वलनकक्ष आटोपशीर झाला आणि इंजिन अधिक फेऱ्यांवर पळू लागले.

येथे एक नवा प्रश्न उभा राहिला. पिस्टन प्रत्येक धावेच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. त्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट केल्या की पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण चौपट होतो. कमी वेगासाठी बनवलेला रॉड अशा वेळी तुटतो, आणि तुटलेला रॉड इंजिनाच्या पोटातून बाहेर येतो. फळीवरच्या नैवेद्यात भर पडते ती अशी. मन्रोने मग जुन्या आसाच्या कणखर पोलादातून घासून, कोरून नवे रॉड बनवले. रॉड टिकल्यावर दुसरे काहीतरी मोडू लागले. प्रत्येक सुधारणा पुढच्या कच्च्या दुव्याकडे बोट दाखवत होती. त्याने फ्लायव्हील बदलले, वंगण पोहोचवण्याची व्यवस्था बदलली, आणि शेवटच्या टप्प्यात शक्ती पुढे नेण्यासाठी तिहेरी साखळी बसवली.

डब्यात ओतलेला पिस्टन

मन्रो पिस्टन स्वतः ओतत असे, तेही जुन्या पत्र्याच्या डब्यांचा साचा म्हणून उपयोग करून. हे ऐकून आश्चर्य वाटते, पण त्यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. घरच्या भट्टीत हे तापमान गाठता येते, आणि पत्र्याच्या डब्याचे लोखंड त्या तापमानाला वितळत नाही.

ओतणे सोपे असले तरी चांगले ओतणे कठीण आहे. वितळलेले अॅल्युमिनियम घट्ट होताना आकारमानाने सहा ते सात टक्के आकसते. ओघ नीट नसेल, तर आत पोकळ्या राहतात. बाहेरून गुळगुळीत दिसणारा पिस्टन मग आतल्या पोकळीपाशी फुटतो. वर्गात हे दाखवायला अॅल्युमिनियमची गरज नाही. वाटीत वितळलेले मेण ओतून थंड होऊ द्यावे. मधोमध खळगा पडलेला दिसेल. कडेचे मेण आधी घट्ट होते आणि आकसताना लागणारा माल मधल्या द्रवातून ओढून घेते.

पिस्टन झाला की प्रश्न येतो मापाचा. अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि बिडाचा सिलिंडर सारखे प्रसरण पावत नाहीत. अॅल्युमिनियम दर अंशाला बिडाच्या सुमारे दुप्पट वाढते. समजा, ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन २०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.३२ मिलिमीटर वाढेल. सिलिंडर बाहेरच्या हवेने थंड होत असल्याने समजा १२० अंशांनीच तापला, तर त्याची वाढ जेमतेम ०.०९ मिलिमीटर. म्हणजे थंड असताना दोघांमध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट कमी पडली तर भर वेगात पिस्टन सिलिंडरमध्ये आवळला जाऊन जाम होईल. आपल्याकडचे मिस्त्री याला 'इंजिन सीज झाले' म्हणतात. फट जास्त झाली तर वायू निसटेल आणि शक्ती वाया जाईल.

इतक्या बारीक मापासाठी मायक्रोमीटर लागतो. मन्रोचा मायक्रोमीटर म्हणजे चाकाची एक जुनी स्पोक होती! हा हास्यास्पद प्रकार नाही. मोजणे आणि ताडून पाहणे यांत फरक आहे. दोन वस्तूंचे माप सारखे आहे की नाही, एवढेच कळायला हवे असेल, तर आकडे लिहिलेले साधन लागत नाही. जशीच्या तशी राहणारी एक खूण आणि सरावलेला हात पुरतो. पोळ्यांचे पीठ दररोज त्याच वाटीने घेणारी गृहिणी हेच करते. वाटीत किती ग्रॅम मावतात हे तिला ठाऊक नसते, पण कालच्याइतकेच पीठ आज घेतले आहे हे ती खात्रीने सांगू शकते. स्पोक चुकली, तर ते कळायला उशीरही लागत नसे. इंजिन सुरू केले की थोड्याच वेळात निकाल लागे.

वेगाचा घन

केवळ इंजिन सुधारून हा वेग गाठता आला असता का? एक हिशेब करून पाहू. जास्त वेगात मुख्य अडथळा हवेचा असतो. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो ओलांडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग ५५ वरून १८४ मैलांवर न्यायचा, म्हणजे ३.३५ पट. त्याचा घन येतो सुमारे ३७. गाडीचा आकार तसाच ठेवला असता, तर सदतीसपट शक्ती लागली असती.

इंजिनाचे घनफळ ६०० वरून शेवटी ९५० पर्यंत गेले. ती वाढ दीडपटीहून थोडी जास्त. समजा फेऱ्या दुप्पट झाल्या आणि प्रत्येक फेरीत श्वास दीडपट चांगला झाला. गुणाकार पाचाच्या आसपास थांबतो. हे आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. उरलेली मजल हवेचा अडथळा कमी करूनच मारावी लागणार. म्हणून मन्रोने गाडीभोवती निमुळते, माशासारखे लांबट कवच बसवले. चालक त्यात जवळजवळ पालथा पडून बसे. समोरून हवेला दिसणारे क्षेत्रफळ घटले आणि मागे भोवरे करणारी हवा अलगद मिटू लागली.

कवचाचे दुखणेही होते. बाणाला मागे पिसे लावतात, ती हवेचा जोर वस्तुमानकेंद्राच्या मागे पडावा म्हणून. हा जोर केंद्राच्या पुढे पडला, की थोडेसे वळलेले नाक हवा आणखी वळवते. १९६७ च्या एका धावेत अर्ध्याहून अधिक अंतर कापल्यावर मन्रोची गाडी झोले खाऊ लागली. वेग कमी व्हावा म्हणून तो उठून बसला. वाऱ्याने त्याचा चष्मा उडवला आणि समोरचे दिसेनासे झाले. अखेर त्याने गाडी कुशीवर आडवी घातली. तो वाचला.

टायरची कथा तशीच. ताशी १८४ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ मीटर. चाकाची त्रिज्या समजा ३३ सेंटिमीटर धरली, तर कडेच्या रबरावर गुरुत्वत्वरणाच्या दोन हजारपट त्वरण येते. एक ग्रॅम रबर दोन किलो वजनाच्या ओढीने बाहेर खेचले जाते. मन्रो जुन्या टायरचे जाड नक्षीकाम सुरीने तासून काढी असे सांगतात. वरवर भलताच वाटणारा हा उद्योग हिशेबाला धरून आहे. रबर जितके कमी, तितकी फाटण्याची ओढ कमी.

मिठाचे मैदान

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल येथे एका प्राचीन सरोवराच्या जागी मिठाचे सपाट मैदान उरले आहे. वेगाचे विक्रम करणारे तेथे जमतात. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच आहे. मन्रो घरी सराव करी तो ओरेटीच्या समुद्रकिनाऱ्यावर, ओल्या वाळूत. बॉनव्हिलची विरळ हवा अडथळा कमी करते, पण तीच विरळ हवा इंजिनालाही कमी प्राणवायू देते. घरी नेमके लावलेले कार्ब्युरेटर तेथे पेट्रोल जास्त सोडू लागते आणि मिश्रण पुन्हा बसवावे लागते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेलेले यंत्र त्या अर्थाने नवेच यंत्र असते.

१९६२ साली मन्रोने तेथे ८८३ घन सेंटिमीटरच्या गटात ताशी सुमारे १७९ मैलांचा, म्हणजे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये ताशी १६८.०७ मैलांचा आणखी एक विक्रम झाला. १९६७ मध्ये, १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या गटात पात्रता मिळवताना त्याने एका दिशेच्या धावेत ताशी १९०.०७ मैल गाठले. पण एका दिशेची धाव विक्रम म्हणून धरत नाहीत. वारा पाठीशी असेल किंवा जमीन किंचित उतरती असेल, तर फायदा मिळतो. म्हणून त्याच अंतरावर उलट दिशेनेही धावावे लागते आणि दोन्हींची सरासरी घेतली जाते. तराजूची पारडी अदलाबदल करून दोनदा वजन करण्यामागे हीच युक्ती आहे.

विक्रमाच्या दोन धावांपैकी उत्तरेकडची होती ताशी १८४.७१० मैल आणि दक्षिणेकडची १८३.४६३ मैल. नोंदवहीत सरासरी लिहिली गेली १८३.५८६. हा आकडा पुस्तकांत गेला, मासिकांत गेला, सर्वत्र पोहोचला.

सत्तेचाळीस वर्षे न बोललेली चूक

वाचकांनी येथे क्षणभर थांबून कागद-पेन्सिल घ्यावी. दोन वेगांची बेरीज ३६८.१७३. त्याची निम्मी १८४.०८६५. मग १८३.५८६ आली कोठून? ती सरळ सरळ चूक होती. मन्रोचा मुलगा जॉन याच्या ती लक्षात आली. अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने हिशेब तपासला आणि २०१४ साली, मन्रोच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, विक्रम ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६.२६ किलोमीटर असा दुरुस्त केला.

एक बेरीज आणि एक भागाकार. पाचवीचा विद्यार्थी करू शकेल असा हिशेब इतकी वर्षे कोणी का तपासला नाही? आमच्या मते कारण असे. चुकीचा आकडा दोन्ही वेगांच्या मधलाच होता. तो १९० किंवा १८० असता, तर कोणाच्याही डोळ्यांत खुपला असता. सरासरी दोन संख्यांच्या मध्ये पडते एवढे आपण पाहतो, आणि समाधान मानतो. पटण्यासारखे उत्तर आपण तपासत नाही.

आमचा स्वतःचा अनुभव वेगळा नाही. विद्यार्थिदशेत लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.१ आले, तेव्हा आम्ही सगळी वाचने पुन्हा पाहिली आणि दोरीची लांबी चुकीच्या टोकापासून मोजल्याचे सापडले. ९.७९ आले त्या दिवशी वही बंद करून चहाला गेलो. त्या उत्तरात दोन चुका एकमेकींना पुसत नव्हत्या कशावरून? हे आम्ही कधी विचारलेच नाही. संशोधनात आल्यावरही हा मोह सुटत नाही. न पटणारे आकडे दहा वेळा तपासले जातात आणि पटणारे एकदाही नाही.

मन्रोच्या फळीचे मोल येथे कळते. लोखंडातली चूक गप्प बसत नाही. ती आवाज करते, धूर सोडते, प्रसंगी जीवावर उठते. मन्रोने प्रत्येक अपयश हाताशी ठेवले, म्हणून तेच अपयश त्याला पुन्हा वाचता आले. कागदावरच्या चुकीला असा आवाज नसतो. तिला बोलते करायला कोणीतरी पुन्हा हिशेब करावा लागतो.

वर्गासाठी

हा लेख वाचून शिक्षकांना दोन गोष्टी करता येतील. पहिली, सायकलवरून. शाळेच्या मैदानावर शंभर मीटर अंतर मोजावे. विद्यार्थ्यांनी जाता-येता दोन्ही धावांच्या वेळा घ्याव्यात, शक्य तर वारा असलेल्या दिवशी. मग सरासरी वेग दोन रीतींनी काढावा: एकदा दोन वेगांची बेरीज निम्मी करून, आणि एकदा एकूण अंतराला एकूण वेळेने भागून. उत्तरे सारखी येणार नाहीत. मन्रोच्या धावांत हा फरक नगण्य आहे. दुसऱ्या रीतीने १८४.०८४ येतात. पण जाताना ताशी २० आणि येताना १० किलोमीटर असतील, तर पहिले उत्तर १५ आणि दुसरे १३.३. यांतले खरे कोणते, यावर वर्गात वाद होऊ द्यावा.

दुसरी गोष्ट सोपी दिसते, पण करायला जड आहे. प्रयोगशाळेत एक फळी ठोकावी. तिच्यावर फुटलेली परीक्षानळी, जळलेला बल्ब, वाकलेली कमानी आणि चुकलेल्या वाचनांचे कागद ठेवावेत. प्रत्येकाखाली एका ओळीत कारण लिहावे. कारण सापडले नसेल, तर तेवढी ओळ कोरी सोडावी. कागद ठेवणाऱ्याचे गुण मात्र कापू नयेत. गुण कापले, तर फळी रिकामीच राहील, आणि वहीत सर्वांचे उत्तर ९.८ येईल.